रील सीट ढिली झालीय? वरून गोंद फासू नका

मासे गरवायच्या रॉडची सीट (हँडलवरचा भाग, ज्यावर दोर गुंडाळायचं रील बसतं) ढिली झाली म्हणून कुणी रॉड हातात आणून दिला की मी सगळ्यात आधी रील काढून बाजूला ठेवतो. कारण बऱ्याचदा सीट हलतच नसते, रील हलत असतं, आणि हातात धरल्यावर दोन्ही सारखंच जाणवतं, काहीतरी डुगडुगतंय एवढंच कळतं. त्यामुळे आधी नक्की काय हलतंय ते शोधा, गोंदाचं नंतर.

तपासायची रीत सोपी आहे. एका हातात हँडलच्या पुढचा उघडा ब्लँक घट्ट धरायचा (ब्लँक म्हणजे रॉडची मूळ पोकळ काठी), दुसऱ्या हाताने सीट, आणि ओला टॉवेल पिळतो तसं दोन्ही हात उलटसुलट पिळायचे. बारीक कट्ट असा आवाज आला किंवा सीट केसभर जरी फिरली तरी आतला जोड सुटलाय हे पक्कं. काहीच हललं नाही तर रील परत बसवा, नट आवळा आणि रीलची मान धरून पुढेमागे हलवून बघा, आता हललं तर दुखणं हूडचं आहे (रीलचा पाय ज्या टोपीत अडकतो आणि नट आवळून घट्ट होतो ती), सीटच्या जोडाचं नाही.

हूडचं दुखणं लवकर मिटतं. आट्यांमध्ये वाळू आणि मीठ साचलेलं असतं त्यामुळे नट आवळल्यासारखा वाटतो पण पुरता बसलेला नसतो. गोड्या पाण्यात जुन्या टूथब्रशने आटे घासून काढा, सुकू द्या, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम होतं. रीलचा पायच हूडच्या मानाने पातळ असेल तर पायाखाली सायकलच्या ट्यूबच्या रबराची पातळ पट्टी ठेवायची, ती दाबली जाते आणि धरून ठेवते. पण पक्कड लावून नट आवळायचा नाही म्हणजे नाही! ग्राफाइट मिसळलेल्या नायलॉनचे आटे एकदा गेले की ती सीट गेली.

आता खरा विषय. सीटच्या नळीचं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं, ती फट भरायला मध्ये आर्बर असतो, कधी कॉर्कचा, कधी फोमचा, कधी ग्राफाइटचा, आणि स्वस्तातल्या रॉडमध्ये नुसता मास्किंग टेपचे वेढे. हा टेप कागदाचा. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून करायचा गोंद) तो सगळीकडून नीट झाकला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो, पण फॅक्टरीत इपॉक्सी कमी पडलं असेल तर पाणी आत शिरतं, कागद मऊ पडतो, आणि मग सीट त्या लगद्यावर फिरायला लागते. शिवाय स्पिनिंग रॉडला रील खालच्या बाजूला लटकतं आणि रीलचं हँडल एका अंगाला असतं, म्हणजे हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला सीटला थोडा पीळ बसतो, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, वर प्रत्येक कास्टचा (गळ फेकण्याचा) झटका वेगळाच. जोड एकदम तुटत नाही, हळूहळू चुरा होत जातो.

आणि ढिल्या सीटवर "चालतंय की अजून" म्हणत गरवत बसू नका असं मी अगदी मनापासून सांगतो. सीट फिरली की रील आणि गाइड (रॉडवरच्या दोर ओवायच्या कड्या) एका ओळीत राहत नाहीत, तंगूस (गळाचा दोर) गाइडला तिरका घासतो, कास्ट कमी पडते, हे तर आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे आत वाळूचा कण असेल तर तो ब्लँकला घासत राहतो आणि ते वरून दिसतच नाही.

सीटच्या दोन्ही टोकांना फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद सोडायचा ही सगळ्यात जास्त केली जाणारी दुरुस्ती, आणि मला तिचा खरंच राग येतो. तो गोंद ठिसूळ असतो, झटक्याला तडकतो, आणि आतली फट भरतच नाही, फक्त तोंड बंद करतो म्हणजे आतलं पाणी आतच कोंडतं. फसफसून फुगणारा पॉलियुरेथेन गोंदही नको, फुगला की त्याचा नुसता फेस होतो आणि फेसात जोर नसतो. इथे हळू सेट होणारं दोन भागांचं इपॉक्सीच हवं. पाच मिनिटांवालं घाईला बरं पण पाण्यात आणि झटक्यात हळूवाल्याची बरोबरी करत नाही.

हँडल न उघडता करायचं तर असं. रीलचा पाय सीटवर जिथे बसतो त्या जागी, म्हणजे नंतर झाकली जाईल अशा ठिकाणी, साधारण 2 मिमीची दोन भोकं पाडायची, एक पुढे एक मागे. मशीन नको, ड्रिल बिट बोटांत किंवा हातड्रिलमध्ये धरून हळूहळू फिरवायचा आणि बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्यायची, कारण सीटची भिंत पार झाली की तिथेच थांबायचंय. कार्बनच्या ब्लँकला बिटचा साधा ओरखडा जरी लागला तरी पुढे मोठा मासा लागला की ब्लँक तिथूनच तुटू शकतो, त्यामुळे या एका पायरीला कितीही वेळ लागू दे. बिटवर येणारा चुरा बघत राहा, सीटचा चुरा संपून टेपचा किंवा जुन्या गोंदाचा पिवळट तपकिरी चुरा यायला लागला की थांबा. काही सीटना खाली खिडकीच असते जिच्यातून ब्लँक बोटाला लागतो, तिथे भोक पाडायची गरज नाही, खिडकीच्या कडेने फट सापडते.

मग आत गोडं पाणी सोडून मीठ काढायचं, नंतर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि एक पूर्ण दिवस वाळू द्यायचं. ओल्या फटीत इपॉक्सी धरत नाही, इथे घाई करून काही मिळत नाही.

इपॉक्सीचं माप पाकिटावर लिहिलेलं तेच घ्यायचं, "हार्डनर जरा जास्त" टाकलं की लवकर वाळेल हा गैरसमज आहे, उलट ते चिकट आणि मऊ राहतं. बाटल्या थोडा वेळ कोमट पाण्यात उभ्या केल्या की इपॉक्सी पातळ होतं आणि सिरिंजने आत सहज जातं, फक्त गरम झाल्यामुळे सेटही लवकर होतं, म्हणून सिरिंज आणि टेप आधीच हाताशी ठेवा. आटे आणि नटला टेप लावा, सीटची दोन्ही टोकं टेपने बंद करा. मग एका भोकातून हळूहळू दाबत राहायचं. आधी दुसऱ्या भोकातून नुसती हवा येते, मग बुडबुडे, मग इपॉक्सीचा एक थेंब वर येऊन फुगतो आणि त्यात बुडबुडा नसतो. तो स्वच्छ थेंब दिसेपर्यंत सोडायचं नाही.

सांडलेलं अल्कोहोलने लगेच पुसा. भोकांवर टेप, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि त्यावर रील बसवा, मग एक डोळा मिटून मागून बघा, रीलची मान आणि सगळे गाइड एका रेषेत आले पाहिजेत. ही लाईन आत्ताच जमवायची, उद्या जमणार नाही. पहिला अर्धा तास रॉड आडवा ठेवून अधूनमधून कुशीवर वळवत राहा म्हणजे इपॉक्सी एकाच बाजूला साचत नाही, आणि मग 24 तास हात लावू नका. पाण्यावर न्यायच्या आधी आणखी एक दिवस गेला तर उत्तमच.

सीट खूपच सैल असेल, अगदी हाताने पुढेमागे सरकत असेल, तर इंजेक्शनने भागत नाही. मागची ग्रिप गरम पाण्याने मऊ करून काढायची (आगीची ज्योत ब्लँकजवळ कधीच नको, त्याचं रेझिन जळतं), सीट मागे सरकवायची, जुना गोंद खरवडून काढायचा आणि पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवायचा. नवा आर्बर करायला मला जिप्समच्या सांध्यांना लावतात ती जाळीची फायबरग्लास टेप सगळ्यात आवडते, कारण इपॉक्सी जाळीतून आरपार जाऊन ब्लँक आणि सीट दोन्ही धरतं. मास्किंग टेपच वापरायचा असेल तर सलग गुंडाळू नका, अरुंद कडी करा आणि दोन कड्यांमध्ये 5-6 मिमी जागा सोडा, ती जागा इपॉक्सीने ठासून भरा.

सीट उघडली की ब्लँक नीट उजेडात धरून बघाच. नुसती चमक गेली असेल तर काही नाही. पण तंतू उसवून केसाळ दिसत असतील, किंवा नख फिरवल्यावर खाच लागत असेल, तर तिथे आधी काचेच्या कापडाची इपॉक्सीत भिजवलेली पट्टी चढवून ब्लँकला जोर द्यावा लागतो, आणि ते काम रॉड बांधणाऱ्या माणसाकडेच द्या.