तारीख कोणी ठरवायची?

मोठ्या संस्थेच्या संगणकप्रणालीची मूळ रचना बदलायची झाल्यास पुढाकार वरिष्ठ व्यवस्थापनाने घ्यावा की आयटी विभागाने, हा वाद आमच्या क्षेत्रात जुना आहे. माझे मत असे की बदलाची दिशा आणि पैसा वरून यावा, पण तो अमलात आणण्याची तारीख ठरवण्याचा अधिकार प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे असावा.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे प्रकरण यासाठी बारकाईने पाहण्यासारखे आहे. लॉइड्स या मोठ्या ब्रिटिश बँक समूहातून वेगळी झालेली ही बँक २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने विकत घेतली, तरी तिचा कारभार मोबदला देऊन लॉइड्सच्याच प्रणालीवर चालत होता. स्वतःच्या प्रणालीवर जाण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता आणि तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. चुकली ती आखणी. अखेरची तारीख आधी ठरवून कामे तिच्यामागे उलट्या क्रमाने बसवण्यात आली, आणि ती तारीख एकदा पुढे ढकलल्यावरही नव्या वेळापत्रकाची पुरेशी उलटतपासणी संचालक मंडळाने केली नाही. दोन डेटा सेंटरे असताना भारचाचणी (एकाच वेळी अनेकांनी वापर केल्यास प्रणाली टिकते का, याची तपासणी) एकाचीच झाली. एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जवळजवळ एकाच टप्प्यात हलवली गेली. माहिती नीट पोहोचली, पण प्रणालीला भार पेलवला नाही आणि १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी त्याच वर्षी पद सोडले. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

म्हणून सगळे आयटीवर सोपवावे, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. आम्हा तंत्रज्ञांना मोकळे सोडले तर आम्ही डेटाबेस बदलू, सर्व्हर क्लाउडवर नेऊ. पण कर्ज विभाग आणि कार्ड विभाग यांच्याकडील एकाच ग्राहकाच्या दोन नोंदींपैकी खरी कोणती मानायची, हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नसतो. तो प्रश्न हुद्द्यांचा आणि हद्दींचा असतो. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडले होते की संस्थेतील संवादाची रचना जशी असते, तशीच तिने घडवलेली प्रणाली असते. ती रचना मोडण्याची ताकद वरच्यांकडेच असते, आणि त्यांनी ती वापरली नाही की जुने विभाग नव्या तंत्रज्ञानात जसेच्या तसे उतरतात. (सल्लागारांच्या रंगीत आकृत्यांत हे कधी दिसत नाही.)

एप्रिल २०२३ मध्ये टीएसबीचे माजी मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. नवी प्रणाली उभारणाऱ्या सबादेल समूहातील कंपनीवर त्यांनी पुरेशी देखरेख ठेवली नाही, हा ठपका होता. पुरवठादाराचे ‘आम्ही सज्ज आहोत’ हे आश्वासन म्हणजे सज्जतेचा पुरावा नव्हे, हे त्या आदेशातून मी घेतले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे आयटी कारभारविषयक निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि त्यांनुसार बँकेला संचालक मंडळाच्या पातळीवर आयटी व्यूहरचना समिती ठेवावी लागते. अशा समितीने नव्या प्रणालीवर जाण्यास मंजुरी देताना चाचणी करणाऱ्या अभियंत्यांचा लेखी अभिप्राय थेट मागवावा, आणि तो नकारार्थी असेल तर तारीख आपोआप रद्द व्हावी.