नळीत आपोआप जुळतो, मग पेशीत मदतनीस कशाला?

पवईची आयआयटी असो की कुलाब्याची टीआयएफआर, रेणवीय जीवशास्त्र शिकणारं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच: रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, टेस्ट ट्यूबमध्ये आपोआप जुळतो, मग जिवाणूला त्यासाठी इतकी मदतनीस प्रथिनं कशाला लागतात? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

जुळतो हे खरं. १९६८ साली ट्राउब आणि नोमुरा या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग, ३०एस, सुटा करून पुन्हा बांधून दाखवला. सामान एवढंच: १५४२ न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतल्या कड्यांचा) १६एस नावाचा आरएनए आणि २१ प्रथिनं. ४० अंशांवर साधारण २० मिनिटांत काम करणारा ३०एस तयार. थंडीत मात्र गाडी मध्येच अडते. काही प्रथिनं चिकटतात, पण आरएनएची घडी अर्धवट राहते आणि उरलेल्यांना बसायला जागाच होत नाही. ऊब दिली की घडी बदलते, मग बाकीची बसतात.

क्रम असा घडीतून ठरतो. त्या २१ प्रथिनांपैकी एस१५ आधी बसून आरएनएचा एक तिठा आवळतं. मग एस६ आणि एस१८ जोडीनं येतात, मागून एस११. गंमत म्हणजे जिवंत पेशीत एस१५चं जनुक काढून टाकलं तरी ३०एस बनतोच, म्हणजे हा एकच रस्ता नाही.

नळीतलं खरं दुखणं मॅग्नेशियमचं. आरएनएवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात, ते झाकायला २० मिलिमोलर (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, मिलिमोलर त्याचा हजारावा भाग) मॅग्नेशियम लागतं. म्हणजे लिटरला सहा पाण्यांचं (स्फटिकात पाण्याचे सहा रेणू धरलेलं) मॅग्नेशियम क्लोराइड ४.०७ ग्रॅम. मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते, वजनात ते पाणीही धरलं जातं आणि द्रावण पातळ निघतं. म्हणून नव्या बाटलीतून एकदाच १ मोलरचा साठा करावा. आणि हातमोजे घालाच, घामट बोटांवरचं आरएनेज हे आरएनए कापणारं विकर १६एसचे तुकडे करतं.

पेशीत मोकळं मॅग्नेशियम जेमतेम १-२ मिलिमोलर, आणि जुळणीला वेळ सुमारे २ मिनिटं. आरएनए तयार होत असतानाच घड्या पडू लागतात, त्यातल्या काही चुकतात. चुकलेली घडी आपसूक सुटेपर्यंत थांबणं परवडत नाही. मदतनीस तिथे लागतात. आरबीएफए नावाचं प्रथिन हा त्यातलाच एक. तो नसलेला जिवाणू ३७ अंशांवर रखडत वाढतो, थंडीत तर जवळजवळ थांबतोच, आणि पेशीत १७एस आरएनए, म्हणजे टोकं न छाटलेला कच्चा १६एस, साचत जातो.