दाभोळच्या खाडीवरची देवराई आणि आपलं कोयनेचं पाणी

साताऱ्या-कराडकडची माणसं गुहागरला जातात ती बहुतेक समुद्र बघायला आणि मासे खायला. पण गुहागरच्या थोडं उत्तरेला, अंजनवेल वेलदूर धोपावे या पट्ट्यात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते, तिला तिथे दाभोळची खाडी म्हणतात, आणि त्या खाडीच्या दक्षिण काठावर एका गावाची छोटीशी देवराई आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, जेमतेम एक-दोन एकराचं, तिच्याबद्दल मला लिहायचंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण तिथल्या एका झाडावर समुद्र गरुडाचं घरटं आहे आणि रील काढणारी गर्दी तिथे पोचावी असं मला अजिबात वाटत नाही.

शिवरात्रीला जोडून सुट्टी होती म्हणून आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना घेऊन गेले. उंब्रजवरून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागर रोड. आण्णांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पात गेली त्यामुळे या रस्त्यावर ते गप्प बसूच शकत नाहीत, पोफळी आली की पोफळी, अलोरे आलं की कोळकेवाडी धरण, कुठला टप्पा कुठे आणि कुठल्या बोगद्यातून पाणी कुठे पडतं ते सगळं तोंडपाठ. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच मला ही ट्रिप वेगळी कळली. कोयना महाबळेश्वरात उगवते, आपल्या पाटणवरून वाहत कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी खरं तर पार बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण धरणातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करायला पश्चिमेकडे सोडता येतं. ते डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीला पुन्हा अडवतात, तिथे परत वीज होते आणि मग ते कालव्याने चिपळूणजवळ वाशिष्ठीत येतं. एकदा तिकडे गेलेलं पाणी परत कृष्णेकडे येत नाही, ते दाभोळला जाऊन अरबी समुद्रात मिसळतं. चिपळूणच्या पुलावर गाडी स्लो करायला लावून आण्णा म्हणाले, "अगं बघ, उन्हाळ्यात पण किती पाणी हाय नदीला. आपलंच हाय की ह्ये."

खाडीच्या तोंडाशी पोचलात की बंदर एकदम अंगावर येतं. समोर दाभोळ, त्याची जुनी मशीद पाण्याच्या काठावरच, मधे धोपावे ते दाभोळ फेरीबोट गाड्या भरून सारखी इकडून तिकडे, आणि अलीकडे वेलदूरच्या जेटीला मासेमारीच्या बोटी. आम्ही सकाळी तिथे बराच वेळ उभे होतो. एक बोट नुकतीच लागलेली, खलाशी खालून क्रेट वर देत होते, वर दोघं जण ते ओढून घेत होते, बांगडा वेगळा, म्हाकूल वेगळं, कोळंबीच्या क्रेटवर फावड्याने बर्फाचा भुगा टाकायचा आणि लगेच पुढचा क्रेट. बाजूला बायकांचा लिलाव चालू, आकडे इतके फास्ट की मला एकही धड कळला नाही पण त्यांचं मात्र एका मानेच्या झटक्यात फायनल व्हायचं. दहा मिनिटांत छोटा हत्ती भरून निघून गेला. जेटीवर सगळीकडे डिझेलचा आणि सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास.

आणि या सगळ्याच्या मागे डोंगरउतारावर गॅसच्या प्रचंड टाक्या आणि वीज प्रकल्पाच्या चिमण्या. गावातली माणसं अजून त्याला एन्रॉनच म्हणतात, तो सुरू करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नावाने. १९९९ ला तिथे वीज सुरू झाली, २००१ ला बंद पडली, मग २००५ ला सरकारी कंपन्यांनी मिळून नवीन कंपनी काढली, ही हिस्ट्री बऱ्याच जणांना माहितीये. २०१३ पासून तिथे जहाजातून एलएनजी येतो, उणे १६२ डिग्रीला थंड करून पातळ केलेला गॅस. लाटा अडवणारा बांध अपुरा होता म्हणून कितीतरी वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागू शकत नव्हतं. आण्णांना यात एक वेगळाच इंटरेस्ट, कारण कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आणि या गॅस प्रकल्पाची १९६७, एकाच पाण्याच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला दुसरा. यावर ते जेवताना पण बोलत होते.

बंदर म्हणून दाभोळ खूप जुनं आहे, आदिलशाहीत अरबस्तानातले घोडे इथे उतरायचे, १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. इथला माल चिपळूण, कुंभार्ली करत कराडला चढायचा, म्हणजे आम्ही गाडीतून उतरलो तोच रस्ता, उलट्या दिशेने.

आता देवराई. जेटीपासून वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळाचं पठार आहे, फेब्रुवारीत तो पार करपलेला असतो, गवत पिवळं, पायाखाली तापलेला कातळ, सावलीचं नाव नाही. आणि त्याच्या कडेला, खाडीकडे उतरणाऱ्या घळीत एकदम गच्च हिरवा ठिपका. आत पाऊल टाकलं की हवा बदलते, म्हणजे अक्षरशः दोन पावलांत. चपला बाहेर काढायच्या. देऊळ म्हणजे कौलारू छोटी घुमटी आणि शेंदूर लावलेले पाषाण, बाकी सगळी झाडंच. बेहडा, किंजळ, सातवीण, काजरा, सुरमाड, आणि एका जुन्या आंब्यावरून पलीकडच्या झाडावर गेलेला गारंबीचा वेल, त्याचं खोड माझ्या मांडीपेक्षा जाड. त्याच्या शेंगा वरून लोंबत होत्या, एकेक माझ्या कमरेइतकी लांब, चपटी, आणि प्रत्येक बी कुठे आहे ते बाहेरून दिसतं. खाली एक फुटून पडलेली, आतली बी तपकिरी, गुळगुळीत, जुन्या मोठ्या नाण्याएवढी. मी हातात घेऊन बघितली आणि परत तिथेच ठेवली, कारण तिथले गुरव काका आधीच बोलले होते, "इथली काटकी पण घरी न्यायची नाय. चुलीला पण नाय. पडलं ते इथंच कुजायचं."

हे कुजणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला तिथे बसून वाटलं. पालापाचोळा इतका जाड की पाय आत रुतत होता, वरची पानं कोरडी, बोटाने जरा बाजूला केली की खाली ओल, पांढरी बुरशीची जाळी, गोगलगायी, आणि बेहड्याची कोंब फुटलेली रोपं. पावसाळ्यात सड्यावर पडलेलं पाणी कातळावरून सरळ खाडीत धावतं, पण इथे ते पाचोळ्यात थांबतं, मुरतं, आणि म्हणून घळीच्या खालच्या टोकाला एक छोटा झरा फेब्रुवारीत पण चालू होता. काका म्हणाले पूर्वी वाडीचं प्यायचं पाणी इथूनच जायचं, आता नळ आलाय, पण मे महिन्यात नळ रुसला की सगळ्यांना झरा आठवतो.

समुद्र गरुडाचं घरटं एका उंच बेहड्यावर आहे. पानगळ झालेली असल्याने खालून स्पष्ट दिसलं, जाड काटक्यांचा नुसता ढिगारा, दरवर्षी त्याच घरट्यावर नवीन काटक्या रचत जातात म्हणून इतका मोठा होतो. आत तपकिरी पिल्लू होतं, जवळजवळ उडायच्या वयाचं. आम्ही लांब आंब्याच्या आडोशाला बसलो. बऱ्याच वेळाने मोठा पक्षी आला, पोट आणि डोकं पांढरंशुभ्र, पंख राखाडी, पायात काहीतरी लांबट लोंबत होतं, मला मासा वाटला, काका म्हणाले समुद्रसाप. घरट्यावर उतरला आणि मिनिटभरात परत खाडीकडे. त्याला दोनच गोष्टी लागतात, जवळ पाणी आणि वर एकटं उभं असलेलं उंच जुनं झाड. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या किनाऱ्यावर त्यांची घरटी शोधून नोंदी केल्यात. आता या किनाऱ्यावर असं म्हातारं झाड कुठे उरलंय? आंबा-काजूच्या बागेत ते ठेवत नाहीत, रस्ता रुंद झाला की पहिलं तेच जातं. देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यात राहिलंय, समोर गॅसच्या टाक्या आणि खाली बोटींची इंजिनं अखंड चालू असताना. बंदर वाईट आणि झाडं चांगली असं मला म्हणायचं नाहीये, त्या जेटीवर शेकडो घरं चालतात. एवढंच की हा तुकडा पण तिथे काम करतोय आणि त्याच्या कामाची पावती कोणी फाडत नाही.

घळ संपते तिथे खाली खाडीच्या चिखलात कांदळवन, तिवर आणि चिपी. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० मधे राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलंय. ओहोटी होती, चिखलातून वर आलेली मुळं आणि लाल नांग्यांचे खेकडे, आम्ही कडेवरूनच बघितलं.

परत येताना आण्णा झऱ्याजवळ दगडावर बसले ते उठेचनात. त्यांचं आजोळ शिवसागरात गेलंय, कोयनेच्या पाण्याखाली. तिथे पण अशीच देवराई होती, नदीच्या काठाला, हिरडा आणि जांभळीची. मी कधी विचारलंच नव्हतं याबद्दल. म्हणाले, "देव आणले बैलगाडीतनं. झाडं कशी आणणार?" आणि मग थोड्या वेळाने, "ते पाणी हितवर आलंय आता." ज्या पाण्याने त्यांची देवराई बुडवली तेच पाणी या देवराईच्या पायथ्याशी येऊन समुद्राला मिळतंय, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पाटण तालुक्यात आमच्या गावाला पण एक देवराई आहे, आणि तिथे सुशोभीकरण करायचं चाललंय. जेसीबीने खालचं झुडूप साफ करायचं, पेव्हर ब्लॉक, पत्र्याचा मंडप, चारी बाजूंनी कंपाउंड. करणाऱ्यांची भक्ती खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते ज्याला झुडूप म्हणतायत ती पुढची झाडं आहेत. वरची जुनी झाडं आज ना उद्या पडणार आणि खाली रोपंच नसतील तर वीस-तीस वर्षांनी देवाभोवती नुसत्या फरशा राहतील. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया फिरून अभ्यासल्या, तेव्हापासून जाणकार हेच सांगतायत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही, त्यात देवराईची झाडं नावानिशी लिहिता येतात. तुमच्या गावात विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात असते.

आण्णांनी ग्रामसभेसाठी अर्ज लिहून ठेवलाय, मी टाईप करून दिला. मंडप हवा तर रस्त्याच्या बाजूला मोकळ्या जागेत घाला, गाभाऱ्यापुढे दहा फूट फरशी पुरे, देवराईच्या आत जेसीबी नको आणि पाचोळा जाळायचा नाही, एवढंच त्यात आहे. झाडांची यादी करायला आम्ही येत्या रविवारी जातोय, पाटण-कराडकडचं कोणाला झाडं ओळखता येत असतील तर या, खरंच मदत होईल.