कणकुंबीच्या ओढ्यावर शेवाळ पाहताना

गणपती आटोपले होते, पावसाचा जोर ओसरला होता, पण ओढे अजून भरून वाहत होते. अशा एका सकाळी आम्ही दोघे बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीस गेलो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. कणकुंबीस लोक जातात ते माउली देवीच्या दर्शनाला आणि मलप्रभेचा उगम पाहायला. आम्ही मात्र गुडघे टेकून शेवाळ (इंग्रजीतले मॉस) पाहायला गेलो होतो, याचे गावातल्यांना बरेच नवल वाटले.

निमित्त दूरचे होते. इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात थॅम्नोब्रायम अँगस्टिफोलियम नावाचे शेवाळ एकाच ओढ्याच्या चुनखडकावर, जेमतेम काही मीटरांच्या पट्ट्यात तगून आहे. तेवढा खडक कोरडा पडला की ती जातच संपली. हे वाचल्यापासून आपल्याकडचा ओढाही असा वीतभर मोजून पाहावा, असे मनात होते.

शाळेच्या पुस्तकात शेवाळाला वनस्पतींमधील उभयचर म्हटले आहे ते का, हे येथे एकाच धोंड्यावर कळते. प्रवाहाखालचा भाग बुळबुळीत, जवळजवळ उघडा होता. पाण्याच्या रेषेलगत फिसिडेन्सची चपटी, पंख्यासारखी दोन ओळींत पाने लावलेली रोपे होती. त्यावर, जेथे फक्त तुषार पोहोचतात तेथे, फिलोनोटिसच्या पोपटी गाद्या थेंब धरून बसल्या होत्या. आणखी वर पाने मिटून काळपट झालेले झुबके होते. ओंजळभर पाणी शिंपडल्यावर काही मिनिटांत ते हिरवे होऊन उलगडले. या रोपांना खरी मुळे नसतात आणि पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात. नरपेशीला मादीपेशीपर्यंत पाण्याच्या पापुद्र्यातून पोहतच जावे लागते. म्हणून वरची सावली तोडली, धोंडा उलटला किंवा पाणी वळवले, की शेवाळाला हात न लावताही त्याचा संसार मोडतो.

तो मोडण्यात माझाही वाटा आहे. फोटोच्या नादात काठावर पाय घसरला आणि तळहाताएवढी गादी सोलून निघाली. पुन्हा दाबून बसवली, पण पुढच्या लोंढ्यात ती टिकली असेल असे वाटत नाही.

म्हणून मागून येणाऱ्यांनी हिरव्या काठावरून चालू नये. पाणी घोट्याएवढे असेल तेथे पात्रातल्या उघड्या खड्यांवरून चालावे, आणि डोंगरात पाऊस दिसला तर पात्रात उतरूच नये. दहापट भिंग पुरते. बीजाणूंची बोंडे पाहायची तर ऊन तिरपे असताना कडेने पाहावे. जळवांसाठी लोक मोज्यांना तंबाखू आणि मीठ चोळतात. ते चालेल, पण तेच पाय ओढ्यात धुऊ नयेत, त्यापेक्षा घट्ट विणीचे लांब मोजे बरे. नुसत्या फोटोवरून दुर्मीळ जात सापडल्याचे जाहीर करू नये, कारण बहुतेक जातींची ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. घरच्या कुंडीसाठी एक झुबकाही उचलू नये. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत जायचे तर वनखात्याची परवानगी आधी काढावी. परतताना चोर्ला घाटाच्या बाजूने धुके लवकर उतरते, तेव्हा चारच्या आत रस्त्याला लागावे.