आईच्या खोलीतला फिल्टर

चेंबूरला आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली, तेव्हा आईच्या खोलीत एअर प्युरिफायर आणला. तिला दमा आहे. खिडकी उघडली की सिमेंटची धूळ, बंद ठेवली की जीव कोंडतो.

पहिल्याच वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. पुढची जाळी धुतात तसा मागचा घड्याघड्यांचा पांढरा हेपा फिल्टरही मी नळाखाली धरला आणि गॅलरीत वाळवला. दिसायला स्वच्छ झाला, पण चार दिवसांत खोलीत कुबट वास यायला लागला. आई रात्री खोकत उठून बसायची. कारण फिल्टरच होता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण ती खोकली की मला अपराधी वाटायचं.

म्हणून यंदा आधी सगळं नीट समजून घेतलं. हेपा ही चाळणी नाहीच. ते बारीक तंतूंचं दाट, अस्ताव्यस्त जाळं असतं. जरा मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, ते तंतूंवर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. निसटलेच तर ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून कसोटी त्यांच्यावरच घेतात, आणि अमेरिकी मानकानुसार त्यातले किमान ९९.९७ टक्के अडवले तरच तो खरा हेपा. पाणी लागलं की या तंतूंची रचनाच बिघडू शकते. कार्बनचा काळा थर वास धरून ठेवतो, तोही धुऊन पुन्हा ताजा होत नाही. आमच्या यंत्रात धुवायची ती फक्त जाळी. धुता येणारे फिल्टरही मिळतात, पण आपला कोणता हे पुस्तिकेत बघूनच ठरवावं.

फिल्टर बदलायची आठवण देणाऱ्या दिव्यावरही मी आता विसंबत नाही. आमच्या यंत्रातला लाल दिवा फक्त चाललेले तास मोजतो, धूळ मोजत नाही. यंदा तो लागायच्या कितीतरी आधी मी झाकण काढलं, तर पांढऱ्या घड्या पार राखाडी झालेल्या.

आईला बाहेरच्या खोलीत बसवलं, प्लग काढला, तोंडाला मास्क लावला. जुना फिल्टर न झटकता थेट पिशवीत घालून तोंड बांधलं. जाळी ब्रशने साफ करून धुतली आणि रात्रभर सावलीत वाळू दिली. सकाळी नवा फिल्टर बसवला, ओढायची पट्टी बाहेरच्या बाजूला ठेवून. रीसेटचं बटण दाबून धरलं, दिवा विझला. झालं असं वाटलं.

आईने यंत्रावर हात धरला. "अरे, आवाज येतोय, वारा कुठे येतोय?"

झाकण पुन्हा उघडलं. फिल्टर पारदर्शक पिशवीतच होता. इतकी तंग बसली होती ती की माझ्या लक्षातच आली नाही. आईने हात धरला नसता तर यंत्र महिनोन् महिने तसंच घरघरत राहिलं असतं. आम्ही मात्र हवा शुद्ध होतेय असं समजून निर्धास्त झोपलो असतो, या विचाराने पोटात गोळा आला.

पिशवी फाडून काढली, फिल्टरच्या कडेला पेनाने तारीख लिहिली, झाकण लावलं. आईने पुन्हा हात धरला आणि म्हणाली, "हां, आता येतोय."