आमची वाटचाल : "तार जोडायचे एवढे पैसे?"

धामणगाव रेल्वेच्या बाहेर रोडवर आपलं दुकान. पत्र्याचं शेड, समोर कडुनिंब, अन त्याच्या सावलीत कायम कोणाचा ना कोणाचा सेल्फ उघडून पडलेला. बाबा ट्रॅक्टरचं वायरिंग करायचे, मी आयटीआय करून त्यांच्याच हाताखाली लागलो. हॉर्न वाजत नाही, डायनमो चार्ज करत नाही, एवढंच जग होतं. मीटर नव्हताच, बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा, पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही.

मग समृद्धी महामार्गाचं काम आलं अन तालुक्यात मशीनच मशीन झाल्या, पोकलेन, ग्रेडर, रोलर, टिप्परची तर लाईन. एक दिवस एका साईटचा सुपरवायझर आला, म्हणे भाऊ तुम्ही वायरिंग करता नं, आमची पोकलेन पाहून द्या, स्क्रीनवर नंबर येऊन राहिले अन मशीन रेसच घेऊन नाही राहिली, नागपूरचा इंजिनिअर परवा येतो म्हणते. मी गेलो. स्क्रीनवर तीन कोड, १००, १०२ अन ३५०९, तिघांच्याही मागे ४. त्यांनी ऑइल प्रेशरचा अन बूस्टचा (टर्बोच्या हवेच्या प्रेशरचा) असे दोन्ही सेन्सर नवे टाकून पाहिले होते, कोड जसेच्या तसे. मला तेव्हा त्या नंबरांचं ओ की ठो माहीत नव्हतं, पण एवढं समजलं की दोन्ही नवे सेन्सर एकाच दिवशी खराब निघत नसतात. गावातून एकाचा मीटर मागून आणला अन सेन्सरच्या कपलरवर (तारेच्या प्लगवर) लावला, तर जिथं ५ व्होल्ट पाहिजे तिथं पाव व्होल्ट पण नाही. त्या लाईनवरचे सगळे सेन्सर काढून ठेवले तरी ५ येईना, म्हणजे सेन्सरचा दोषच नाही, तारच कुठंतरी बॉडीला लागलेली. चार तास उन्हात उघड्या बोडक्यानं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हातानं चाचपत गेलो. इंजिनच्या मागं होज क्लिपवर घासून घासून एका तारेचं कव्हर गेलं होतं. टेप, स्लीव्ह, टाय, दहा मिनिटांचं काम. मशीननं रेस घेतली अन सुपरवायझर म्हणे, "तार जोडायचे एवढे पैसे?" पाचशे रुपये हातावर ठेवले. दोन सेन्सरवर घातलेल्या पैशाचं त्याला काहीच वाटलं नाही, कारण ते डब्यात येतात अन बिल असते.

त्या रात्रीपासून मोबाईलवर वाचायला लागलो. कोडचे दोन भाग असतात, पहिला एसपीएन म्हणजे कोण, दुसरा एफएमआय म्हणजे त्याला काय झालं. १०० ऑइल प्रेशर, १०२ बूस्ट, ११० पाण्याचं टेम्परेचर. मागे ३ असला तर व्होल्टेज वर चढलं, ४ असला तर खाली बसलं. ३५०९ म्हणजे सेन्सरला जाणारी ५ व्होल्टची सप्लायच बसली. म्हणजे मशीन पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, वाचणारा कोणी नव्हता.

लोकं कोड पाहून सेन्सर मागवतात, तिथंच मार खातात. कोडला फक्त तारेवरचं व्होल्टेज दिसते, सेन्सर दिसत नाही. पाण्याच्या टेम्परेचरचा दोन तारांचा सेन्सर घ्या, ११० ला ३ येऊन राहिला तर कपलर काढायचं अन हार्नेसकडच्या दोन पिना एका बारीक तारेनं जोडायच्या. ३ चा ४ झाला तर वायरिंग अन कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) दोन्ही चांगले, सेन्सर बदला. ३ च राहिला तर सेन्सरला हातही लावू नका, तार कुठं तुटली ते शोधा. (तीन तारांच्या सेन्सरवर हा खेळ करायचा नाही, त्यात ५ व्होल्टची तार असते. अन बाबांचा टेस्ट लॅम्प कंट्रोलरच्या तारेला तर बिलकुलच नाही, तो जेवढा करंट ओढतो तेवढ्यात आतलं सर्किट जळू शकते.)

आता माझी चूक पण सांगतो, नाहीतर वाटेल आपण लय हुशार. एका रोलरवर १०० ला १ आला होता. तोवर दहा केसमध्ये दहाही वेळा वायरिंगच निघालं होतं, म्हणून मी म्हटलं सेन्सर गडबड करून राहिला, चालवा, उद्या बदलू. १ चा अर्थ वेगळा असते, त्यात सेन्सर बरोबर बोलत असते अन प्रेशर खरंच पडलेलं असते. संध्याकाळपर्यंत बेअरिंग गेले. मालकानं आरडाओरड केली नाही, नुसतं पाहत राहिला, ते जास्त लागलं. अर्धा खर्च मी दिला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या दिवसापासून गाडीत काट्याचा प्रेशर गेज राहतेच, ऑइलचा कोड असला की आधी तो लावतो, मग तोंड उघडतो.

पाटल्या सोडवायच्या म्हणून तरी धंदा नीट करणं भाग होतं. कोड वाचायचा स्कॅनर घेतला अन नियम केला, पाहणीचे पैसे वेगळे अन आधी, सेन्सर आम्ही विकतच नाही. सहा महिने लोकं हसले. मग ज्यांनी तीन-तीन सेन्सर बदलून पाहिले होते तेच परत आले.

पावसाळ्यानंतरचा सीझन मात्र उंदरांचा. दोन-तीन महिने मशीन वावराच्या धुऱ्यावर उभी राहते अन उंदीर आत घर करतात, तारा कुरतडतात. मग दिवाळीच्या आधी फोन, भाऊ वीस कोड आले. वीस कोड पाहून मी खुश होतो, कारण वीस सेन्सर एकदम मरत नाहीत, कॅनची तार गेली असते, मशीनमधले कंट्रोलर त्या दोन तारांवरूनच एकमेकांशी बोलतात. बॅटरी काढायची, दोन तारांत ओम मोजायचे. ६० पाहिजे, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलं, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकीला चिकटल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला अन इथल्या मशीन पुढं गेल्या. आमचं काम निम्म्यावर आलं, दुकानात कामाला असलेल्या दोन पोरांपैकी एकाला नाही म्हणावं लागलं, तो आता पुण्यात आहे. आम्ही वणी-घुग्गुसकडे खाणीच्या पट्ट्यात जायला लागलो. तिथं मे महिन्यात ११० ला ० येते, अन तो तर खरोखर तापलेला असते, कोळशाच्या धुळीनं रेडिएटर बुजलेला. सेन्सरला शिव्या देऊन फायदा नाही, रेडिएटर धुवा. चाकांच्या मशीनला एप्रिल २०२१ पासून धुराचा सरकारी नियम सीईव्ही फोर अन जानेवारी २०२५ पासून फाइव्ह लागू झाला, त्यामुळे धुराच्या फिल्टरचे अन युरियाचे कोड पण शिकावे लागून राहिले.

बायको आता फोन सांभाळते, ऑपरेटर स्क्रीनचा फोटो पाठवतो, ती आधी विचारते, "मागचा आकडा किती आहे दादा?" लोकांनी खराब म्हणून काढलेले सेन्सर आम्ही फेकत नाही, घरी आणून तपासतो. पाण्याचा सेन्सर थंड पाण्यात साधारण दोन-अडीच हजार ओम दाखवते, उकळत्यात दोनेकशे. बरेचसे चांगलेच निघतात, मालकाला परत देतो. फक्त आमच्या घरी चहाचं पातेलं वेगळं ठेवावं लागते, अन सासूबाई आल्या की दोन्ही पातेली लपवावी लागतात, कारण मागच्या वेळी चहा चुकीच्या पातेल्यात झाला होता.