सरळ पट्टी

सुताराच्या दुकानातून सागाच्या पट्ट्या घेताना मी एक डोळा मिटून, प्रत्येक पट्टी बंदुकीसारखी धरून तपासली होती. सहा मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड आणि सगळ्या ओळंब्यासारख्या सरळ. मिस्त्रींनी विचारलं, “एवढ्या बारीक कशाला?” म्हटलं, होडी करतोय. “मुलाला शाळेत करायला सांगितलीय का?” मला मुलगी आहे आणि ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण खरं सांगायचं तर बराच वेळ गेला असता. मी “हो” म्हणून मोकळा झालो.

होडी म्हणजे मचवा, टेबलावर मावेल एवढा. हर्णै हे माझं आजोळ. मे महिना सरत आला की बंदरावर होड्या वाळूत ओढून घ्यायला सुरुवात व्हायची. पुढे जून-जुलै मासेमारी बंद आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा सुरू. आम्ही शाळा सुरू होईपर्यंत तिथे असायचो, म्हणजे नेमके त्या ओढलेल्या होड्यांच्या दिवसांत. उन्हात दुसरी सावली नसल्यामुळे खेळायचं ते होडीच्या पोटाखाली. त्यामुळे मचवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शीड येतं, माझ्यापुढे येतात त्या फळ्या: नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून निघालेल्या, पोटाशी फुगलेल्या आणि मागे जाऊन पुन्हा आवरलेल्या. डोकं टेकलं की तेलाचा आणि खाऱ्या माशांचा मिळून एक वास यायचा. तो वास अजून ओळखू येईल, सांगता मात्र येणार नाही.

आता हर्णैला फायबरच्या होड्या खूप झाल्या. एका दिवाळीत एक जुना लाकडी मचवा वाळूत कलून पडलेला दिसला आणि मी गाडीतून मेजर टेप काढली. दर मीटरला रुंदी, दर मीटरला उंची, पाठकोऱ्या बिलावर आकडे. जरा लांब जाळं विणत बसलेला एक माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “घ्यायचा विचार हाय काय?” मी नाही म्हटलं. “मग एवढा मापता कशाला?” त्यालाही शाळेचंच कारण सांगावं का, असा क्षणभर विचार केला.

आराखडा असा नव्हताच. त्याची लाज वाटेनाशी झाली ती ‘कौंडिण्य’विषयी वाचल्यावर. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्रावरून गोव्यात अख्खं जहाज बांधलं आणि 2025 साली ते नौदलात दाखल झालं. कागदपत्र काही नाही, नुसतं चित्र, तेही चित्रकाराला जमलं तसं काढलेलं. त्या जहाजाच्या फळ्यांना खिळा नाही, काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवल्या आहेत. माझ्याकडे निदान बिल होतं.

तर मधला कणा, नाळ आणि नऊ बरगड्या तीन मिलिमीटरच्या प्लायमधून कापल्या. हा भाग सोपा. पॉलिश पेपरने बरगड्यांच्या कडा तिरक्या घासायला एक रविवार गेला. सांगाडा उभा राहिला तेव्हा तो इतका देखणा दिसत होता की बायको म्हणाली, “असाच ठेव ना.” तिचं ऐकायला हवं होतं.

मी वरच्या काठापासून पट्ट्या चिकटवायला सुरुवात केली. एकाखाली एक, कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून. मधे झकास बसत होत्या. पण पाचव्या पट्टीपासून तिचं पुढचं टोक वर वर सरकायला लागलं, आणि आठवीपर्यंत तर नाळेपाशी पट्ट्यांची गर्दी झाली. मुंबईच्या लोकलच्या दारात होते तशी, सगळ्यांना तिथेच उभं राहायचं. मी दामटून बसवल्या. दामटलेली पट्टी सपाट राहत नाही, कूस बदलते आणि तिची एक कड वर येते. त्यातून मी शहाण्यासारखी एक बाजू आधी पुरी केली, दुसरी नंतर करू म्हणून. सकाळी पाहतो तर सुकलेल्या गोंदाने सगळा कणाच एका बाजूला ओढून घेतला होता. होडी उजवीकडे वळायला निघालेली, तीही टेबलावरच.

तो सांगाडा गॅलरीत गेला. त्यात सध्या मनी प्लांट आहे.

दुसऱ्या खेपेला आधी मोजायला बसलो. कागदाची एक बारीक पट्टी मधल्या बरगडीवर काठापासून कण्यापर्यंत गुंडाळली: नव्वद मिलिमीटर. नाळेजवळच्या बरगडीवर तीच पट्टी: साठ. मागे पंचाहत्तर. फळ्या पंधरा. म्हणजे प्रत्येक फळी मधे सहा मिलिमीटर, पुढे चार आणि मागे पाच. चौथीच्या मुलाला येईल असा भागाकार, आणि मी तो न करताच आठ फळ्या ठोकून बसलो होतो. पोट मोठं आहे आणि टोकं लहान. पोटाला जितक्या फळ्या लागतात तितक्याच टोकाला पोचायच्या असतील तर प्रत्येकीने थोडं थोडं आवरतं घ्यायला हवं. एकीनेही घेतलं नाही की शेवटच्या दोघीतिघींना जागाच उरत नाही. फार निमुळती करूनही चालत नाही. रुंदी निम्म्याच्या खाली गेली की टोक गोंदासकट तुटून हातात येतं.

गंमत पुढेच आहे. नीट तासून लावलेली फळी होडीवर अशी डौलदार बसते की वाटतं, ही किती साधी सरळ गेली! मी पारखायला म्हणून एक, गोंद सुकायच्या आत, काढून टेबलावर ठेवली. केळं! चांगली वाकडी, एका अंगाने पोट आलेली. म्हणजे होडीवर सरळ दिसायचं तर फळीने मुळात वाकडं असावं लागतं, आणि जी मुळात सुतासारखी सरळ ती होडीवर गेली की वाकडी. दुकानात एक डोळा मिटून मी नेमकं काय तपासत होतो? किनाऱ्यावरच्या सुतारांना हे कोणी कागदावर शिकवलेलं नसतं. ते फळी हाताने तिथे धरतात, कोळशाने रेघ ओढतात आणि वाकशीने तासतात. मी हेच कागदाच्या नऊ पट्ट्या, एक कॅल्क्युलेटर आणि एक फुकट गेलेली होडी एवढ्यावर शिकलो.

साग वाकवणं हे वेगळं प्रकरण. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं एक लढाऊ जहाज, ‘त्रिंकोमाली’, 1817 साली पाण्यात उतरलं आणि इंग्लंडात हार्टलपूलला ते आजही तरंगतं आहे. तेव्हा लाकडाच्या गुणाबद्दल मी काही बोलणार नाही. पण दीड मिलिमीटरचा साग नाळेपाशी वळवायला गेलं की तो कुरकुरत नाही, एकदम मोडतो. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग गरम लोखंडावर धरा, असा उपाय. गरम लोखंड म्हणून घरात लेकीचं केस कुरळे करायचं यंत्र होतं. ओली पट्टी त्यावर टेकवली की चर्रर्र होतं, वाफ निघते आणि ती वाफ निघत असतानाच बोटांना कळतं की लाकूड आता ऐकतंय. तीन-चार सेकंदच. तेवढ्यात वळवायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. जास्त वेळ टेकवलं की काळा डाग. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, “बाबा, माझ्या केसांना फर्निचरचा वास का येतोय?”

या वेळी एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, अशी चाललो. रोज रात्री जेवणानंतर एक जोडी. पंधरा रात्रींचं काम, पण धरून चला महिना, कारण काही रात्री नुसतं बघत बसण्यात जातात. डावी बाजू फार छान झाली. उजवी, काय सांगू, मी उजव्या हाताचा आहे आणि त्या बाजूला चिमटा लावताना हात उलटा जातो. शेवटची फळी तिथे बसेना, तेव्हा भुसा आणि गोंद कालवून फट भरली. घासलं, दोन हात पॉलिश मारलं आणि मचवा शोकेसमध्ये डावी बाजू पुढे करून ठेवला.

ते दिवस जुलैचे. ठाण्याच्या हवेत तेव्हा मीठसुद्धा पाझरतं. जानेवारीत कोरडी हवा सुटली आणि एका सकाळी डाव्या बाजूला, त्या छान बाजूला, तिसऱ्या आणि चौथ्या फळीमधे नख जाईल एवढी फट दिसली. उजवीकडचा भुसा-गोंद मात्र छाती काढून जागच्या जागी.

आई संक्रांतीला आली होती. मी फट दाखवली, पावसात फुगलेलं लाकूड आता कसं आक्रसलं ते समजावून सांगितलं. ती हर्णैत वाढलेली. चष्मा वर करून तिने फटीवरून बोट फिरवलं.

“मग पाण्यात घाल ना. कोरडी होडी पाण्यात घातली की पहिले दोन दिवस गळतेच. लाकूड पाणी प्यायलं की मिटते आपोआप.”

“अगं आई, ही शोपीस आहे.”

“होडी आहे म्हणतोस ना?”

बाथरूममध्ये बादली नको, टब घे, असं तिनेच सांगितलं. टब भरला. मचवा हळूच ठेवला. क्षणभर तो सरळ उभा राहिला आणि मग उजवीकडे कलला. तिकडे दोन वाट्या भुसा-गोंद होता, दुसरं काय होणार! फटीतून एक बारीक थेंब आत आला, मग दुसरा. मी काढायला हात घातला तर आई म्हणाली, “राहू दे रे,” आणि कुंडीतले दोन खडे आणून तिने ते डाव्या अंगाला ठेवले.